आठ फुटांत नागभीड

रामबागेतल्या मागच्या खोलीत
लोखंडी पलंगावर आडवी पडली आहे आठ बाय चारची प्लाय.
पलंग गेला तिच्याखाली, गाद्या गेल्या लेकीकडे
आणि आम्ही दोघं हॉलमध्ये, कूलरसमोर, सतरंजीवर.
मे महिना आहे. तक्रार करायलाही घाम येतो.

सत्त्याऐंशी पट लहान, असं हे सांगतात
येणाऱ्या प्रत्येकाला, पाणी द्यायच्या आधी.
रूळ नऊ मिलिमीटर. डबा म्हणजे
दोन काडेपेट्या जोडून ठेवाव्यात तेवढा.
चौरागडे म्हणाले, "डायमंड क्रॉसिंग करा ना जी, नागपूरची शान!"
"ते सगळेच करतात," हे म्हणाले
आणि कानस घेऊन पुन्हा चाकावर वाकले.

मोतीबागेत बत्तीस वर्षं फिटर.
छोट्या लाइनचे ब्रेक, छोट्या लाइनची चाकं,
गाडीचं पोट यांना पाठ.
वरचं काही विचारू नका.
खिडकीतून काय दिसायचं ते मी बघितलं,
कुहीच्या शाळेत अकरा वर्षं,
पहाटेची गाडी, मांडीवर तपासायच्या वह्या,
आणि लाल पेन असं हलायचं
की पोरांना वाटे बाई रागात आहेत.
आता ती लाइन उखडली, रुंद करायला.

कूलरची जुनी खस विस्कटून गवत केलं.
चहाचा चोथा वाळवून खडी.
संत्र्याच्या पेटीची फळी तासून इतवारीचा फलाट.
भिवापूरच्या शेतांना लाल रंग कशाला, म्हटलं,
मिरचीच घाला की. घातली.
दोन दिवस गाडी धावली आणि आम्ही शिंकलो.

अडचण लांबीची.
खऱ्या मापानं नागभीड गाठायचं
तर सव्वा किलोमीटर प्लाय लागेल,
आमच्या दारातून निघून
मेडिकल चौकातल्या पानठेल्यापर्यंत.
आठ फुटांत काय काय गाळायचं?
कानावर पेन्सिल ठेवून हे रात्रभर बसले.
तितूर गाळलं. टेंपा गाळलं.
उमरेडची नुसती पाटी ठेवली.
सकाळी कागदावर कुही नव्हतं.

मी काही बोलले नाही.
पोह्यांवर तर्री घातली नाही, एवढंच.

दुपारी करवत वाजली.
संध्याकाळी पाहते तर नागभीड चार इंच सरकून
कपाटाच्या दारातून आत गेलेलं, माझ्या शालींखाली,
आणि मधे कोऱ्या लाकडाचा एक तुकडा, पाटी नसलेला.
"कुही," हे चिमट्याकडे बघत म्हणाले.
"माणसं मात्र जमणार नाही मले. हात थरथरते."

बाई मी केली.
उदबत्तीच्या काडीचा तुकडा, अठरा मिलिमीटर,
नेलपॉलिशची निळी साडी,
काखेत गठ्ठा म्हणून तांदळाची कणी.
फेविकॉलच्या थेंबात उभी केली.
पहिलीच गाडी आली ती तिला घासून गेली.
"मागं सरका, मॅडम," हे म्हणाले
आणि नखानं तिला सरकवलं, इतकं हळू
की मला उगीच काहीतरी शोधायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

आता चिंच राहिली.
फलाटाजवळ होती एक, मापानं नऊ इंच.
तारा पिळून, खस चिकटवून तयार आहे,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीत वाळते आहे.
"कोणत्या बाजूले होती?"
"उजवीकडे."
"जाताना का येताना?"

मी उजवा हात उचलला. पलंगाला वळसा घातला,
कपाटाकडे तोंड करून उभी राहिले, मग खिडकीकडे.
ऊन टाळत बसणारी मी, सकाळी उजवीकडे,
संध्याकाळीही उजवीकडेच,
आणि चिंच तर दोन्ही वेळा होती, शपथेवर सांगते.
"असं कसं असंल?" हे म्हणाले.
"होती," मी म्हटलं.

प्लायला दोन भोकं पाडलीत त्यांनी,
रुळाच्या अल्याड एक, पल्याड एक.
सकाळच्या गाडीला चिंच इकडे रोवतात,
संध्याकाळच्या गाडीआधी उपटून तिकडे.
मधेच लाइट गेली तर
तेवढा वेळ ती यांच्या हातात असते.